गोल खाल्ल्यानंतरचं एक मिनिट

प्रश्न थोडक्यात असा: आवडत्या संघाचा कर्णधार मैदानावर कधी ओरडत नाही, हातवारे करत नाही. संघ मागे पडला की समालोचक म्हणतात, ‘या संघात नेताच नाही,’ आणि मित्रही तेच म्हणतात. खेळाडू म्हणून मात्र तो विचारणाऱ्याला फार आवडतो. मग चाहत्याने खेळाडूबद्दल आणि कर्णधाराबद्दल मत बनवायचं कशावरून, आणि समालोचकांचं ऐकायचं किती?

मी बावीस वर्षं मुलामुलींना फुटबॉल शिकवतोय आणि त्यातली नऊ वर्षं समालोचनही केलंय. दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. ओरडणं ही नेतृत्वाची एक तऱ्हा आहे, ती खोटी नाही. १९९९च्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेड तुरिनमध्ये युव्हेंटसविरुद्ध अकरा मिनिटांत ०-२ मागे पडला होता. कर्णधार रॉय कीनने हेडरवर पहिला गोल परत केला. नंतर त्याला पिवळं कार्ड मिळालं आणि अंतिम सामना हुकणार हे तिथेच नक्की झालं. तरी तो उरलेला वेळ असा खेळला की जणू त्या कार्डाशी आपला संबंधच नाही. संघ ३-२ जिंकला. कीन तोंडाने आग ओकणारा माणूस होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या रात्री संघाला त्याच्या आवाजापेक्षा जास्त उपयोग झाला तो स्वतःचं दुःख बाजूला ठेवून खेळत राहण्याचा. टीव्हीवर आवाज दिसतो, हे दुसरं दिसायला पूर्ण सामना बघावा लागतो.

मी कर्णधाराबद्दल मत बनवतो ते मुख्यतः एका गोष्टीवरून: गोल खाल्ल्यानंतरचं एक मिनिट. ही सवय मला १९५०च्या एका प्रसंगामुळे लागली. १६ जुलै, माराकाना स्टेडियम, ब्राझील विरुद्ध उरुग्वे. ब्राझीलला विश्वविजेता व्हायला फक्त बरोबरी पुरे होती. स्टेडियममध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास प्रेक्षक. उत्तरार्ध सुरू होऊन दोन मिनिटं होतात न होतात तोच फ्रियासाने गोल केला आणि सगळं मैदान पेटलं. उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वरेला याने जाळ्यातून चेंडू घेतला, काखेत मारला आणि थेट लाइन्समनकडे गेला. ऑफसाइड होता म्हणून वाद घातला. पंच इंग्लिश होते, तर दुभाष्या मागितला. गोल रद्द होणार नाही हे त्यालाही कळत होतं. त्याला गोल रद्द करून घ्यायचाच नव्हता, त्याला वेळ हवा होता. गर्दीचा जल्लोष हळूहळू शिट्ट्यांमध्ये आणि शिव्यांमध्ये बदलला, ब्राझीलचे खेळाडू ताटकळले, आणि उरुग्वेच्या दहा जणांना श्वास मिळाला. मग तो सावकाश चालत मध्यरेषेवर आला. पुढे शियाफिनोने ६६व्या आणि घिग्जाने ७९व्या मिनिटाला गोल केला आणि उरुग्वे २-१ने जिंकला.

गोल करणाऱ्यांत वरेलाचं नाव नाही. पण सामना ज्या क्षणी हातातून निसटला असता, तो क्षण त्याने काखेत धरून ठेवला होता.

आता याच्या उलट चित्र बघा. ८ जुलै २०१४, बेलो होरिझोन्ते, विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत ब्राझील विरुद्ध जर्मनी. जर्मनीचा पहिला गोल ११व्या मिनिटाला झाला. तिथवर काही बिघडलेलं नव्हतं. २३व्या मिनिटाला क्लोझेने दुसरा केला आणि त्यानंतर २९व्या मिनिटापर्यंत आणखी तीन. सहा मिनिटांत चार गोल. ती सहा मिनिटं पुन्हा बघा आणि एकच शोधा: ब्राझीलचा कोणी खेळाडू बुटाची नाडी बांधायला वाकतोय का, पंचांशी बोलायला जातोय का, चेंडू मध्यावर ठेवायला वेळ लावतोय का. कोणीही नाही. प्रत्येक गोलानंतर चेंडू लगबगीने मध्यावर येतो, खेळ सुरू होतो, पुढचे सगळे धावत सुटतात आणि मागे तेच भगदाड. त्या दिवशी कर्णधारपद डेव्हिड लुइझकडे होतं. तो बोलका आणि भावनेने ओथंबलेला खेळाडू. राष्ट्रगीताच्या वेळी जखमी नेमारची जर्सी हातात धरून उभा राहणाऱ्यांपैकी तोही एक. भावनेला तोटा नव्हता. तोटा होता तो खेळ थांबवणाऱ्या एका माणसाचा.

या स्पर्धेबद्दल चाहत्यांच्या तोंडी अजून एक मत बसलंय, त्यावर जरा थांबतो. नेहमीचा कर्णधार थियागो सिल्वा चिलीविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटआधी चेंडूवर बसून रडला, म्हणून तो कच्चा नेता, असं ते मत. मला ते पटत नाही. माणूस ताणाखाली रडतो, त्यानंतरही खेळतो. सिल्वाने पुढच्याच सामन्यात, कोलंबियाविरुद्ध, गोल केला. त्याची खरी चूक त्याच सामन्यात झाली आणि तिच्यावर फार कमी लोक बोलतात. कोलंबियाचा गोलरक्षक ओस्पिना चेंडू हातातून पुढे मारत असताना सिल्वा आडवा गेला. कार्ड ठरलेलं होतं, फायदा शून्य. त्या पिवळ्या कार्डामुळे तो उपांत्य सामन्याला मुकला. कर्णधाराने न रडणं महत्त्वाचं की उपलब्ध राहणं, असं मला कोणी विचारलं तर मी डोळे मिटून दुसरं सांगेन. २००६च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सचा झिदान ११०व्या मिनिटाला इटलीच्या मातेराझ्झीला डोक्याने धडक देऊन बाहेर गेला, तेव्हाही माझी तक्रार नीतिमत्तेची नव्हती. शूटआउट समोर दिसत असताना त्याच सामन्यात पेनल्टीवर गोल केलेला कर्णधार संघाकडे उरला नाही, ही माझी तक्रार. खेळाडू म्हणून मी त्याला आजही डोक्यावर घेतो.

क्रोएशियाचा कर्णधार लुका मॉड्रिच मला याच कारणासाठी मोठा वाटतो. २०१८च्या विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध ११६व्या मिनिटाला त्याची पेनल्टी कॅस्पर श्मायकेलने अडवली. चार मिनिटं उरली असताना कर्णधाराने सामना घालवला, असं कोणीही म्हटलं असतं. थोड्याच वेळात शूटआउट झालं आणि तो त्याच गोलरक्षकासमोर पुन्हा पेनल्टी घ्यायला गेला. गोल केला. क्रोएशिया पुढे गेला आणि शेवटी अंतिम फेरीपर्यंत पोचला. तो चालत गेला, ती पंचेचाळीस-पन्नास पावलं मी शिकवताना मुलांना दाखवतो. गोलपेक्षा जास्त वेळा दाखवतो.

कर्णधार या पदाबद्दल चाहत्यांची एक गैरसमजूत दूर करायला हवी. खेळाच्या नियमांत कर्णधाराला कसलाही खास अधिकार नाही. संघाच्या वागणुकीची काही प्रमाणात जबाबदारी त्याच्यावर आहे, आणि नाणेफेकीला तो उभा राहतो, इतकंच. संघ निवडणं, डावपेच ठरवणं, बदली खेळाडू उतरवणं, हे सगळं प्रशिक्षकाकडे. क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला हे लक्षात ठेवावं लागतं, कारण क्रिकेटचा कर्णधार खरोखर मैदानावर सामना चालवतो. गोलंदाज बदलतो, क्षेत्ररचना लावतो. फुटबॉलच्या कर्णधाराकडून तीच अपेक्षा ठेवून आपण त्याला नापास करतो. युरो २०२४मध्ये मात्र युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, एक चांगली गोष्ट केली: पंचांकडे निर्णयाचा खुलासा मागायला फक्त कर्णधाराने जायचं, आणि कर्णधार गोलरक्षक असेल तर त्याच्याऐवजी एक ठरवलेला खेळाडू. त्यामुळे गप्प, नीट बोलणाऱ्या कर्णधाराची किंमत वाढली. पंचांच्या अंगावर धावून जाणाऱ्या सहा जणांपेक्षा शांतपणे विचारणाऱ्या एकाला उत्तर मिळतं.

प्रत्यक्ष संघात नेतृत्व एका दंडावरच्या पट्टीत मावत नाही. तीन-चार जणांत ते वाटलेलं असतं. एक जण बचावफळी पुढे-मागे सरकवतो, दुसरा ड्रेसिंग रूममध्ये नव्या मुलाच्या शेजारी जाऊन बसतो, तिसरा प्रशिक्षकाला न आवडणारी गोष्ट त्याच्या तोंडावर सांगतो. माझ्या हाताखाली एक मुलगी होती, मध्य बचावात खेळायची. वर्षभरात मी तिचा आवाज फार तर दहा वेळा ऐकला असेल. खेळाडूंनीच गुप्त मतदान करून तिला कर्णधार केलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं आणि मी दोन मुलींना बाजूला घेऊन विचारलं. एकीने सांगितलं, ‘सर, माझ्याकडून चूक झाली की ती पुढच्या वेळी मला आधी पास देते.’ मी दोन हंगाम तिला शिकवत होतो आणि ही गोष्ट मला दिसली नव्हती. चूक केलेल्या खेळाडूकडे लगेच चेंडू देणं म्हणजे ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ हे अकरा जणांसमोर सांगणं. कुठल्याही भाषणाने ते होत नाही. तेव्हापासून मोठे सामने बघतानाही मी हे मोजतो: चुकलेल्या खेळाडूला पुढचा चेंडू कोण देतं?

आणि काही वेळा नेतृत्वाचा खेळाशीच संबंध उरत नाही. १२ जून २०२१, कोपनहेगन. फिनलंडविरुद्ध पूर्वार्ध संपत आला असताना डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन कोसळला. कर्णधार सिमोन केअर त्याच्याकडे धावला, त्याला कुशीवर वळवलं, वैद्यकीय पथक काम करत असताना सहकाऱ्यांना पाठ करून भोवती कडं करायला लावलं, म्हणजे कॅमेऱ्यांना आणि गर्दीला ते दिसू नये. नंतर मैदानात उतरलेल्या एरिक्सनच्या जोडीदाराला त्याने धीर दिला. त्याच संध्याकाळी सामना पुन्हा सुरू झाला आणि उत्तरार्धात केअर स्वतः बाहेर गेला, खेळण्याच्या मनःस्थितीत तो राहिला नव्हता. डेन्मार्क तो सामना ०-१ हरला. निकालाच्या तक्त्यात या कर्णधाराच्या नावापुढे पराभव आणि अर्धवट सोडलेला सामना एवढंच दिसेल. मी मात्र या खेळात यापेक्षा मोठं नेतृत्व पाहिलेलं नाही.

आता नेतृत्वाच्या कथांमध्ये आपण कसे फसतो ते सांगतो, कारण प्रश्नाचा खरा गाभा इथे आहे.

२५ मे २००५, इस्तंबूल, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. मध्यंतराला एसी मिलान ३-० पुढे. मग लिव्हरपूलचा कर्णधार स्टीव्हन जेरार्डने ५४व्या मिनिटाला हेडर मारला, हात उंचावून प्रेक्षकांना उठवलं, ५६व्याला स्मित्सरचा गोल, ६०व्याला अलोन्सोचा. तीनास तीन. शेवटी पेनल्टींवर लिव्हरपूल विजेता. या सामन्याची कथा जगभर एकाच पद्धतीने सांगितली जाते: कर्णधाराने संघाला ओढून आणलं. जेरार्डचं श्रेय मला काढून घ्यायचं नाही. पण पूर्वार्ध पुन्हा बघा. मिलानचा खेळाडू काका लिव्हरपूलच्या मधल्या फळीमागे मोकळा फिरतोय, वळतोय, पुढे पास सोडतोय, त्याला कोणी हात लावत नाही. मध्यंतराला लिव्हरपूलचा प्रशिक्षक राफा बेनितेझने उजवा बचावपटू फिनन याला काढून डिटमार हामन आणला आणि मागे तिघांची फळी केली. हामन काकाच्या वाटेत जाऊन उभा राहिला. मागची काळजी मिटली म्हणून जेरार्डला पुढे जायला मोकळीक मिळाली, आणि तो गोलासमोरच्या पेटीत पोचला म्हणून हेडर मारता आला. माझ्या मते त्या सामन्यात जेरार्डचं सर्वांत मोठं नेतृत्व अतिरिक्त वेळेत दिसलं. मिलानच्या डाव्या बाजूने ताजातवाना सेर्जिन्यो उतरला होता, तेव्हा शंभराहून अधिक मिनिटं खेळलेला हा कर्णधार, आघाडीचा लोभ सोडून, उजव्या बचावपटूच्या जागी जाऊन त्याला रोखत राहिला. या भागाची चित्रफीत कोणी फारशी दाखवत नाही, कारण तिच्यात गोल नाही.

आणि समजा अतिरिक्त वेळेत मिलानच्या शेव्हचेन्कोचा तो अगदी जवळचा फटका लिव्हरपूलचा गोलरक्षक डुडेक याच्या हाताला न लागता आत गेला असता, तर? जेरार्डने केलेली प्रत्येक गोष्ट तशीच राहिली असती, पण ‘कर्णधाराने ओढून आणलं’ हे वाक्य जन्मालाच आलं नसतं. निकाल आधी लागतो, नेतृत्वाची कथा मागून लिहिली जाते. म्हणून ‘संघात नेता नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा ‘संघ हरतोय’ याचंच दुसरं रूप असतं. ज्या समालोचकाने हे तुमच्या संघाबद्दल म्हटलं, त्याने तो जिंकत असताना काय म्हटलं होतं ते आठवा. तोच गप्प कर्णधार तेव्हा ‘बर्फासारखा थंड’ असतो.

खेळाडूंबद्दलच्या मतांचंही असंच. नव्वद मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण पंचावन्न ते साठ मिनिटं, आणि एका खेळाडूच्या पायाशी फार तर दोन-तीन मिनिटं. उरलेला सगळा वेळ तो चेंडूविना खेळतो. कॅमेरा चेंडूमागे, समालोचक कॅमेऱ्यामागे आणि आपण समालोचकामागे. त्यामुळे आपली मतं त्या दोन-तीन मिनिटांवर उभी असतात. एरिक कँटोनाने दिदिए देशाँला एकदा पाणक्या म्हटलं होतं, म्हणजे इतरांसाठी पाणी वाहणारा. मैदानावर देशाँ करायचा ते नेमकं तेच होतं: चेंडू हिसकायचा, जवळच्याला द्यायचा, पुन्हा जागेवर यायचं. हा पाणक्या १९९८मध्ये विश्वविजेत्या फ्रान्सचा कर्णधार होता आणि २०१८मध्ये विश्वविजेत्या फ्रान्सचा प्रशिक्षक. २००३च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने डेव्हिड बेकहॅम घेतला आणि असाच एक पाणक्या, क्लॉद माकेलेले, चेल्सीला जाऊ दिला. त्या वर्षी जिंकलेलं लीगचं विजेतेपद रेआलला पुन्हा मिळालं ते थेट २००७मध्ये. सगळा दोष त्या एका निर्णयाला देणं चूक होईल, पण संघाचा तोल गेला तो तिथून, असं माझं ठाम मत आहे.

खेळाडू बघताना मी सांगतो, चेंडू येण्याआधीचे पाच सेकंद बघा. स्पेनचा मधल्या फळीतला खेळाडू चावी चेंडू मिळण्याआधी सतत मान वळवून मागे-पुढे बघायचा. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी खेळाडूंच्या अशा नजरा अक्षरशः मोजल्या आहेत. ज्याला चेंडू येण्याआधीच आजूबाजूचं चित्र माहीत आहे, त्याला पळावं लागत नाही, म्हणून तो आळशी दिसतो. आणि जो उशिरा बघतो, त्याला घसरून टॅकल करावं लागतं, त्याच्या अंगाला चिखल लागतो, आणि लोक म्हणतात, काय जीव तोडून खेळतो. माझ्या बचावपटूंना मी सांगत आलोय की घसरून केलेलं टॅकल हा शेवटचा उपाय आहे. तो वरचेवर करावा लागत असेल तर आधी जागा चुकलेली असते.

‘हा तर गोल व्हायलाच हवा होता’ हेही असंच एक घाईचं मत. आता प्रत्येक फटक्याचा अपेक्षित गोल, म्हणजे एक्सजी, काढतात. तशाच जागेवरून, तशाच परिस्थितीत मारलेले हजारो फटके बघून गोल होण्याची शक्यता किती, हे तो आकडा सांगतो. पेनल्टीचा आकडा साधारण ०.७६ ते ०.७९ धरतात. म्हणजे गोलरक्षक एकटा समोर, चेंडू स्थिर, अंतर ठरलेलं, तरी जवळजवळ चारांतली एक वाया जाते. मग बचावपटू अंगाला लागलेला असताना, उसळत्या चेंडूवर मारलेला फटका ‘व्हायलाच हवा होता’ कसा? हा आकडाही सगळं सांगत नाही, फटकाच न मारता आलेली चांगली हालचाल त्यात येत नाही. पण तो तोंडाला थोडा लगाम घालतो, आणि तेवढ्यासाठी मी तो वापरतो.

आता समालोचन. ब्रिटनमध्ये फुटबॉल सामन्याचं पहिलं थेट रेडिओ समालोचन बीबीसीने २२ जानेवारी १९२७ रोजी केलं. हायबरी मैदान, आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड, माइकवर टेडी वेकलॅम. श्रोत्यांसाठी साप्ताहिकात मैदानाचा नकाशा क्रमांक घातलेल्या चौकोनांत छापला होता आणि वेकलॅम बोलत असताना दुसरा आवाज चेंडू कुठल्या चौकोनात आहे तो क्रमांक सांगायचा. मला ही कल्पना फार आवडते. समालोचकाचं काम काय, याचं यापेक्षा स्वच्छ उत्तर नाही: ऐकणाऱ्याला दिसत नाही ते दाखवणं. टीव्ही आला आणि चेंडू कुठे आहे हे सगळ्यांना दिसू लागलं. मग समालोचकाने सांगायचं काय? चांगल्यांनी उत्तर शोधलं: पडद्याबाहेरचं सांगा. दूरच्या बाजूला कोण मोकळा आहे, कोण सराव करून उतरायच्या तयारीत आहे, बचावफळी पाच पावलं मागे का गेली. बाकीच्यांनी सोपी वाट धरली आणि माणसांच्या मनात काय चाललंय ते सांगू लागले. ‘त्याला आता भूकच नाही.’ ‘यांच्यात जिद्द दिसत नाही.’ भूक आणि जिद्द पन्नास मीटरवरून दिसत नाही. समालोचन कक्षात बसून मी हे शपथेवर सांगू शकतो.

मी स्वतः हे केलंय. एका सामन्यात एक आघाडीवीर उत्तरार्धात परत धावत नव्हता आणि मी माइकवर तीन-चारदा म्हणालो की त्याने सामना सोडून दिलाय. सामन्यानंतर कळलं की मांडीचा स्नायू दुखावल्यामुळे, बदली खेळाडू संपल्यामुळे, प्रशिक्षकानेच त्याला सांगितलं होतं: पुढे उभा राहा, फक्त दोन बचावपटू अडकवून ठेव. तो संघासाठी दुखणं सोसून उभा होता आणि मी हजारो लोकांच्या मनात तो कामचुकार म्हणून बसवला. मी पुढच्या प्रक्षेपणात माफी मागितली. तेव्हापासून ‘दिसतंय’ आणि ‘वाटतंय’ हे शब्द मी वेगवेगळे वापरतो.

हे एकट्यादुकट्याच्या चुकीपुरतं नाही. २०२०मध्ये रनरिपीट या संस्थेने इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेच्या सहकार्याने युरोपातल्या चार लीगच्या ८० सामन्यांचं इंग्रजी समालोचन तपासलं. खेळाडूंबद्दलची २,०७३ विधानं निघाली. बुद्धीच्या कौतुकापैकी ६२.६ टक्के गोऱ्या वर्णाच्या खेळाडूंच्या वाट्याला गेलं होतं, आणि शरीराच्या ताकदीबद्दल बोलताना विषय सावळ्या-काळ्या वर्णाचा खेळाडू असण्याची शक्यता सहा पटींहून जास्त होती. बोलणाऱ्यांच्या मनात द्वेष असेलच असं नाही, शब्द तयार साच्यातून बाहेर पडतात. पण वर्षानुवर्षं ऐकणाऱ्याच्या मनात त्यातून ठरतं की कोण डोक्याने खेळतो आणि कोण फक्त अंगाने. आणि मग कर्णधार कोण व्हावा, पुढे प्रशिक्षक कोण व्हावा, यावरची मतंही तिथूनच येतात. आयव्हरी कोस्टचा याया तुरे मधल्या फळीत सामन्याचा वेग ठरवायचा, पास असे द्यायचा की पुढच्याची दिशा आपोआप ठरावी. त्याच्याबद्दल सर्वांत जास्त ऐकलेला शब्द मात्र ‘ताकद’. तुम्ही स्वतः आठवून बघा.

म्हणून समालोचन बंद करा, असं मी म्हणणार नाही. ते या खेळाचं अर्धं सुख आहे. २२ जून १९८६ला मॅराडोना आपल्या अर्ध्यातून चेंडू घेऊन निघाला आणि एकामागून एक इंग्लिश खेळाडू मागे टाकत गेला, तेव्हा व्हिक्टर ह्युगो मोरालेसने स्पॅनिशमध्ये त्याला विश्वातला पतंग म्हटलं, कुठल्या ग्रहावरून आलास असं विचारलं आणि रडला. त्यात डावपेचांचं विश्लेषण शून्य. तरी तो आवाज नसता तर त्या गोलाची आठवण थोडी फिकी असती. मोरालेस आपल्याला काय वाटलं ते सांगत होता, खेळाडूच्या मनात काय आहे ते नव्हे. फरक तेवढाच आहे. भावना समालोचकाची असेल तर मी मनसोक्त ऐकतो. तो खेळाडूच्या मनाचं निदान ऐकवू लागला की सावध होतो.

आता तुमच्या कर्णधाराकडे येऊ. पुढचे चार-पाच सामने निकाल ठाऊक झाल्यावर पुन्हा बघा, आवाज बंद करून. संघाने गोल खाल्ला की पुढचं एक मिनिट फक्त त्याच्याकडे बघा. तो चेंडू घाईने मध्यावर नेतो की सावकाश? चुकलेल्या खेळाडूजवळ जातो का, आणि खेळ सुरू झाल्यावर त्याला पास देतो का? बचावफळी घाबरून मागे सरकली असेल तर हाताने पुढे बोलावतो का? पंचांकडे गेला तर पंच ऐकून घेतात की हाताने दूर करतात? शक्य असेल तर एक तरी सामना मैदानावर जाऊन बघा, गोलामागच्या नव्हे तर बाजूच्या, जरा उंचावरच्या जागेवरून. टीव्हीवर गप्प वाटणारे कितीतरी कर्णधार तिथून अखंड बोलताना दिसतात. फक्त ते हात खाली ठेवून, जवळच्या माणसाशी बोलतात.

चार-पाच सामन्यांत यातलं काहीच दिसलं नाही, तर तुमच्या मित्रांचं म्हणणं बरोबर असेल, आणि ते मान्य करायला हरकत नाही. उत्तम खेळाडू कर्णधार म्हणून कमी पडू शकतो, त्याने तो खेळाडू लहान होत नाही. पण तेव्हाही आधी बघा की ते काम संघात दुसरं कोणी करतंय का. बहुतेक वेळा करत असतं, आणि बहुतेक वेळा तो मध्य बचावातला किंवा गोलजाळ्यातला कोणीतरी असतो.